वाचन पुष्कळ झाले, आता लिहायची सोय करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्पर्धा परीक्षांचा निकाल लागला की कोल्हापुरात चौकाचौकांत फ्लेक्स झळकतात, आणि दुसऱ्या दिवसापासून अभ्यासिकांमध्ये नव्या मुलांना खुर्ची मिळेनाशी होते. दोन्ही गोष्टींचे कौतुकच आहे. तक्रार एकच. या अभ्यासिकांमध्ये दहा-दहा तास मुले वाचत असतात, अधोरेखित करत असतात, नोट्सवरून पुन्हा नोट्स काढत असतात. घड्याळ लावून उत्तर लिहिणारा मात्र शोधावा लागतो. परीक्षा तर लिहिण्याचीच आहे.

केंद्रीय लोकसेवा आयोगाची मुख्य परीक्षा पहिल्यापासून वर्णनात्मक आहे. महाराष्ट्र लोकसेवा आयोगानेही राज्यसेवेची मुख्य परीक्षा त्याच धर्तीवर नेली. पुण्यात २०२३ च्या सुरुवातीला विद्यार्थी रस्त्यावर उतरले म्हणून ती २०२५ पर्यंत लांबली, एवढेच. आता दोन्हीकडचा सांगाडा सारखा आहे : निबंध २५०, सामान्य अध्ययनाचे चार पेपर प्रत्येकी २५०, वैकल्पिक विषयाचे दोन पेपर प्रत्येकी २५०, असे १७५० आणि मुलाखत २७५. भाषेचे दोन पेपर प्रत्येकी ३०० गुणांचे आहेत, त्यांत पंचवीस टक्के पडले की झाले, पण तेवढे पडले नाहीत तर बाकीचे पेपर तपासलेच जात नाहीत. चार पर्यायांतून बरोबर उत्तर ओळखायची सवय लागलेल्या मुलाला कोऱ्या पानापुढे बसवले की काय होते, ते आम्ही उत्तरपत्रिका तपासताना पाहतो. त्याला माहिती असते, पण ती दहा मिनिटांत कागदावर उतरत नाही.

आधी वेळेचा हिशेब. केंद्रीय आयोगाच्या सामान्य अध्ययनाच्या पहिल्या तीन पेपरांत प्रत्येकी वीस प्रश्न असतात. दहा प्रश्न दहा गुणांचे, दीडशे शब्दांत, आणि दहा प्रश्न पंधरा गुणांचे, अडीचशे शब्दांत. म्हणजे तीन तासांत चार हजार शब्द. मिनिटाला बावीस शब्द पडतात, तेही क्षणभर न थांबता. प्रत्येक प्रश्नाला एक मिनिट विचाराला दिले तर लिहायला १६० मिनिटे उरतात आणि वेग पंचवीसवर जातो. क्लासमध्ये ‘सात आणि अकरा’ असा हिशेब सांगतात. दहा गुणांना सात मिनिटे, पंधरा गुणांना अकरा, बेरीज बरोबर १८०. वहीत हा हिशेब जुळतो, परीक्षेच्या खोलीत जुळत नाही. एका आवडत्या प्रश्नाला तीन मिनिटे जास्त गेली की ती परत मिळवायला जागाच नसते. मग शेवटचे दोन-तीन प्रश्न कोरे जातात, आणि ते बहुधा पंधरा गुणांचे असतात. त्यापेक्षा साडेसहा आणि दहा धरावे. १६५ मिनिटांत पेपर होतो आणि अडलेल्या प्रश्नांसाठी पाव तास हाती राहतो. मोडके-तोडके उत्तरही चार गुण देऊन जाते. कोऱ्या पानाला शून्यच.

एका दिवसात असे दोन पेपर, सकाळी नऊ ते बारा आणि दुपारी अडीच ते साडेपाच. आठ हजार शब्दांनंतर मनगट भरून येते. ही ताकद शेवटच्या महिन्यात येत नाही. आठवड्यातून एकदा सलग तीन तास लिहावे, आणि ज्या पेनने परीक्षा द्यायची त्याच पेनने. उत्तराची जागाही ठरलेली असते, दहा गुणांना दोन पाने आणि पंधराला तीन. सरावाला मोठ्या वहीत मोकळेपणाने लिहिणारा परीक्षेत दुसऱ्या पानावर येईपर्यंत प्रस्तावनाच संपवत असतो.

मराठीतून लिहिणाऱ्यांच्या दोन अडचणी क्लासवाले सहसा सांगत नाहीत. पहिली शिरोरेषेची. वेळ वाचावा म्हणून बरीच मुले शिरोरेषा देत नाहीत. वेळ वाचतो हे खरे. पण देवनागरीत ‘भ’ आणि ‘म’, ‘ध’ आणि ‘घ’ यांच्यातला फरक वरच्या रेषेच्या तुटण्यावरच उभा आहे. रेष गेली की ‘भरण’ आणि ‘मरण’ एकसारखे दिसतात, ‘घर’ आणि ‘धर’ एक होतात. ‘धरणाच्या भरणाची पातळी’ हे शब्द घाईत रेषेविना लिहून शेजाऱ्याला वाचायला द्या, कळेल. शब्दही एकमेकांत मिसळतात, कारण दोन शब्दांतली फट शिरोरेषेमुळेच डोळ्यांत भरते. शिरोरेषा सोडायचीच असेल तर दोन गोष्टी कराव्यात. भ आणि ध यांची वरची गाठ ठळक काढावी आणि दोन शब्दांत एका अक्षराएवढे अंतर ठेवावे. मथळ्यांना आणि विशेषनामांना मात्र रेषा द्यावीच. तपासणाऱ्याचा डोळा तिथेच टेकतो.

दुसरी अडचण शब्दमर्यादेची. ‘कोल्हापूर जिल्ह्यातल्या पूरग्रस्तांसाठी’ हे मराठीत तीन शब्द आहेत. इंग्रजीत तेच सांगायला दुप्पट लागतात, कारण आपले विभक्तीप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच चिकटतात. म्हणून मराठीतल्या दीडशे शब्दांत मजकूर जास्त मावतो, पण प्रत्येक शब्द लिहायला वेळही जास्त लागतो. दीडशेच्या जागी सव्वाशे आणि अडीचशेच्या जागी दोनशेच्या आसपास शब्दांत सांगणे पुरे होते. दीडशेचा आकडा गाठायचा म्हणून ‘त्याचप्रमाणे’, ‘यावरून असे स्पष्ट होते की’ यांची भरताड करणाऱ्याने वेळ आणि गुण दोन्ही घालवलेले असतात.

तिसरीही एक अडचण आहे, पण ती फक्त केंद्रीय परीक्षेची. उत्तर मराठीत लिहिता येते, पण सामान्य अध्ययनाची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीतच छापलेली असते. इंग्रजीची धास्ती घेतलेला मुलगा हिंदी वाचतो, आणि लिपी एकच असल्याने शब्द जसाच्या तसा उचलतो. हिंदीतली ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, आपल्याकडे दंड. हिंदीतली ‘आपत्ति’ म्हणजे हरकत, आपल्याकडे संकट. तिथला ‘संसार’ म्हणजे जग, इथला घरातला. ‘चेष्टा’ तिकडे प्रयत्न असते आणि इकडे टिंगल. ‘यातायात’ तिकडे वाहतूक, आणि इकडे तंगडतोड. ‘यातायात व्यवस्थेत सुधारणा’ असे मराठी उत्तर वाचणाऱ्याला हसू आवरत नाही, पण लिहिणाऱ्याला कळतही नाही की काही चुकले. उपाय साधा आहे. प्रश्न इंग्रजीतच वाचायचा, अडलेल्या एखाद्या शब्दापुरते हिंदीकडे पाहायचे. त्यासाठी पहिल्या दिवसापासून मागच्या दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका इंग्रजीतून वाचून प्रश्नाचा मराठी मथळा स्वतः करून पाहावा. पारिभाषिक शब्दाचा इंग्रजी पर्याय कंसात द्यायला आयोगाची मुभा आहे, ती वापरावी. अख्खी वाक्ये इंग्रजीत उतरवणे मात्र माध्यमाच्या नियमात बसत नाही.

आता उत्तराकडे. ‘चर्चा करा’, ‘परीक्षण करा’, ‘भाष्य करा’, ‘मूल्यमापन करा’ ही क्रियापदे सगळ्यांना पाठ असतात, पण बहुतेकांचे उत्तर एकाच साच्यातले निघते : व्याख्या, फायदे, तोटे, उपाय. प्रश्नाची शेपटी वाचलेलीच नसते. एक नमुना घेऊ, कृष्णेवरच्या कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा. ‘अलमट्टी धरणाच्या उंचीवाढीच्या संदर्भात आंतरराज्य पाणीतंटे सोडवण्याच्या यंत्रणेचे परीक्षण करा. ही यंत्रणा कुठे अडते?’ पंधरा गुण, दहा मिनिटे.

पहिले मिनिट पेन्सिलीने प्रश्न तोडण्यात जावे. इथे तीन तुकडे आहेत : यंत्रणा काय आहे, अलमट्टीत तिचे काय झाले, आणि ती अडते कुठे. गुण तिसऱ्या तुकड्यात आहेत. बहुतेक उत्तरांतला दोन-तृतीयांश मजकूर पहिल्या तुकड्यावर खर्च झालेला असतो, कारण तो पाठ असतो.

सुरुवात दोन वाक्यांत व्हावी. घटनेचा अनुच्छेद २६२ संसदेला असे तंटे सोडवण्याची व्यवस्था करण्याचा आणि त्यातून न्यायालयांना दूर ठेवण्याचा अधिकार देतो. त्यावरून आंतरराज्य नदी पाणीतंटा कायदा १९५६ साली आला आणि लवाद नेमायची पद्धत पडली. कृष्णेचा इतिहास, नदीची लांबी, उगम यांची इथे गरज नाही.

मग अलमट्टी, चार ओळींत. कृष्णेसाठी पहिला बच्छावत लवाद १९६९ मध्ये नेमला, निवाडा १९७३ मध्ये आला. दुसरा ब्रिजेशकुमार लवाद २००४ चा. त्याने २०१० च्या निर्णयात धरणाची पातळी ५१९.६० वरून ५२४.२५६ मीटरपर्यंत नेऊ दिली, २०१३ मध्ये पुढचा अहवाल दिला. सर्वोच्च न्यायालयाच्या स्थगितीमुळे तो निवाडा राजपत्रात प्रसिद्ध झाला नाही.

आता अडते कुठे. वरच्या चार ओळींतच उत्तर आहे, फक्त ते बाहेर काढायचे आहे. लवाद नेमल्यापासून निवाड्यापर्यंत वर्षे जातात. निवाडा आला तरी राजपत्राशिवाय तो लागू होत नाही. कायद्याचे कलम ११ न्यायालयाला दूर ठेवते, पण अनुच्छेद १३६ खालचे अपील चालू शकते असे सर्वोच्च न्यायालयाने कावेरी प्रकरणात २०१६ मध्ये सांगितले, म्हणजे लवाद हा शेवटचा शब्द उरला नाही. कायमस्वरूपी लवादाची तरतूद असलेले दुरुस्ती विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत संमत झाले, पण त्याचा कायदा झाला नाही. एवढे आले की उपाय वेगळे शोधावे लागत नाहीत, प्रत्येक अडचणीसमोर एकेक ओळ लिहिली की भागते.

या प्रश्नात कोल्हापूरच्या मुलासाठी एक खास खड्डा आहे. २००५, २०१९ आणि २०२१ चा पूर ज्याच्या गल्लीत आला तो रागाने लिहितो. ‘अलमट्टीमुळेच कोल्हापूर-सांगली बुडते’ असे ठाम वाक्य येते आणि पुढची सगळी मांडणी त्या रागामागे फरफटते. २०१९ च्या पुराचा अभ्यास करणाऱ्या वडनेरे समितीने त्या पुराचे खापर अलमट्टीवर फोडलेले नाही. ते मत कुणाला पटो न पटो, उत्तरात त्याची नोंद हवी, त्यावरचा आक्षेपही हवा. परीक्षक पंचगंगेच्या काठचा नसतो.

त्याच मुलाकडे जी जमेची बाजू असते ती मात्र तो वापरत नाही. आपत्ती व्यवस्थापनावरच्या उत्तरात ‘पूर्वसूचना प्रणाली बळकट करावी’ हे वाक्य देशभरातला प्रत्येक उमेदवार लिहितो. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही तोंडपाठ आहे, पावसाळ्यात ‘आज किती फूट?’ हाच रामराम असतो. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आले की पुणे-बंगळूर वाहतूक थांबते, हेही सगळ्यांनी पाहिले आहे. एक साधा आकडा, एक ठिकाण आणि त्याचा परिणाम, अशी ओळ उत्तरात पडली की ते उत्तर गठ्ठ्यातून वेगळे दिसते. सोबत अर्ध्या मिनिटाचा नकाशा काढावा. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या चार रेघा प्रयाग चिखलीला मिळवा, पुढे पंचगंगेची एक रेघ नृसिंहवाडीपर्यंत, तिथे कृष्णा, खाली हिप्परगी आणि अलमट्टी. पाचवी सरस्वती गुप्त आहे, ती नकाशातही गुप्तच ठेवावी.

चौथ्या पेपरातही तेच. नीतिशास्त्राच्या अभ्यासक्रमात थोर नेते, सुधारक आणि प्रशासक यांच्या जीवनातून घ्यायची मूल्ये आहेत. शाहू महाराजांवर आपली मुले लिहितात ते बहुतेक जयंतीच्या भाषणासारखे असते : थोर, दूरदृष्टीचे, रयतेचे राजे. यातून प्रशासक दिसत नाही. २६ जुलै १९०२ चा आदेश नीट वाचला तर दिसतो. यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागास वर्गांतून भराव्यात, एवढ्यावर तो थांबत नाही. ज्या कचेरीत हे प्रमाण पन्नास टक्क्यांपेक्षा कमी असेल तिथली पुढची नेमणूक त्याच वर्गातून व्हावी, आणि प्रत्येक खातेप्रमुखाने दर तिमाहीला नेमणुकांचे विवरणपत्र पाठवावे, असेही त्यात आहे. धोरण, प्रमाण, अंमलबजावणीचा क्रम आणि देखरेख, हे सगळे एका कागदावर. ‘उत्तरदायित्व’ या विषयावर याहून नेमके उदाहरण दिल्लीच्या नोट्समध्ये मिळायचे नाही. आणि आदेशाने जे होत नाही त्यासाठी गंगाराम कांबळे यांचे चहाचे हॉटेल आहे. महाराज स्वतः तिथे चहा घेत, सोबतच्यांनाही घ्यायला लावत. एक कृती नियमाने केलेली, दुसरी स्वतःच्या वागण्याने. प्रकरण-अभ्यासात ‘अधिकारी म्हणून काय कराल’ असे विचारले की हे दोन्ही रस्ते दाखवता येतात.

असेच आणखी एक उदाहरण कोल्हापुरी चपलेचे. तिचे भौगोलिक मानांकन (जीआय) २०१९ चे, महाराष्ट्र आणि कर्नाटक यांना मिळून, दोन्ही राज्यांतल्या चार-चार जिल्ह्यांसाठी. २०२५ मध्ये मिलानच्या एका फॅशन शोमध्ये तसल्याच चपला दिसल्यावर इथे जो संताप झाला तो उत्तरपत्रिकेत जसाच्या तसा उतरतो. मुद्दा असा की १९९९ चा भौगोलिक मानांकन कायदा नावाचे रक्षण करतो आणि तेही देशाच्या हद्दीत. ही मर्यादा ज्याने लिहिली त्याला बौद्धिक संपदेच्या प्रश्नाचे मर्म कळले.

केंद्रीय आयोगाच्या पूर्व परीक्षेबद्दल थोडेच. सामान्य अध्ययनाचे शंभर प्रश्न, दोनशे गुण, चुकीला एक-तृतीयांश वजा. डोळे झाकून ठोकले तर सरासरी फायदा शून्य. एक पर्याय खात्रीने बाद झाला तर प्रश्नामागे साधारण ०.२२ गुणांचा फायदा, दोन बाद झाले तर ०.६७. म्हणून किमान एक पर्याय पुसता आल्याशिवाय हात लावू नये. ‘वरीलपैकी किती विधाने बरोबर’ हा प्रकार २०२३ पासून वाढला, तिथे अर्धवट माहितीवर पर्याय पुसताच येत नाहीत, तिथे जपून. सीसॅटमध्ये, म्हणजे कल तपासणाऱ्या दुसऱ्या पेपरात, दोनशेपैकी ६६ गुण हवेत. दहा उत्तरे चुकली तर तीस बरोबर लागतात. कला शाखेची मुले हा पेपर ‘फक्त पास व्हायचा’ म्हणून शेवटच्या पंधरा दिवसांवर टाकतात आणि पहिल्या पेपरात उत्तम गुण असूनही घरी बसतात.

वर्तमानपत्राची कात्रणे तारखेनुसार चिकटवणे हाही एक वाया जाणारा उद्योग आहे. वहीचे मथळे अभ्यासक्रमातल्या शब्दांचे हवेत आणि नोंद चार ओळींची : काय झाले, कोणत्या कायद्याखाली, आकडा किंवा व्याप्ती, विरोधी बाजू. उदाहरणार्थ, ‘न्यायव्यवस्था’ या मथळ्याखाली मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचची नोंद अशी : १८ ऑगस्ट २०२५ पासून कामकाज सुरू. राज्य पुनर्रचना कायदा १९५६, कलम ५१(३). कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे. न्यायाधीशांची संख्या वाढल्याशिवाय केवळ जागा बदलून प्रलंबित खटले कमी होतील का? चौथी ओळ सुचत नसेल तर बातमी समजलेली नाही असे समजावे.

आता विनंती, आणि ती दोघांना आहे.

शहरातली ग्रंथालये आणि अभ्यासिका यांनी संध्याकाळी एक तास एक खोली अशी ठेवावी जिथे बोलायला परवानगी असेल. करवीर नगर वाचन मंदिरासारखी १८५० पासूनची संस्था ज्या गावात आहे तिथे हे अवघड नाही. लागते काय तर भिंतीवरचे घड्याळ, लांब टेबल आणि कोरे कागद. चौघांचा गट करावा. वीस मिनिटांत पंधरा गुणांची दोन उत्तरे लिहावीत, मग कागद बदलावेत. तपासताना प्रश्न झाकून फक्त उत्तर वाचायचे आणि प्रश्न काय असेल ते ओळखायचे. ओळखता आले नाही तर उत्तर भरकटले आहे, गुण देण्याची भानगडच नको. ओळखता आले तर दुसऱ्यांदा वाचताना आकडे, कलमे आणि ठिकाणे यांखाली रेघ मारायची. ज्या परिच्छेदात एकही रेघ पडली नाही तो बहुधा भरताड असतो. पहिली दोन वाक्ये खोडून पाहायची. उत्तराचे काहीच बिघडले नाही तर ती प्रस्तावना नव्हतीच. यासाठी कुणी मोठा मार्गदर्शक लागत नाही आणि फीही लागत नाही. आजच्या अभ्यासिकांमध्ये ‘शांतता राखा’ या पाटीखाली हे करता येत नाही, एवढीच अडचण आहे.

दुसरी विनंती आपल्याला. यशस्वी उमेदवारांच्या सत्काराचे फोटो आपण छापता, ते छापावेतच. त्यातली अर्ध्या स्तंभाची जागा दर सोमवारी एका प्रश्नाला द्यावी. प्रश्न इंग्रजीत आणि मराठीत, दोन्ही. पुढच्या सोमवारी त्याचे आदर्श उत्तर छापू नये, ते पाठ केले जाते. त्याऐवजी वाचकांकडून आलेल्या उत्तरांपैकी एक, नाव न देता, चुकांसह छापावे आणि शेजारी कुठे वेळ गेला, कुठे शेपटी सुटली, कोणता आकडा हवा होता ते लिहावे. तपासून द्यायचे काम आम्ही आनंदाने करू. पहिला प्रश्न वर दिलेलाच आहे.

आपले,
मुख्य परीक्षेच्या सराव उत्तरपत्रिका तपासणारे काही शिक्षक,
राजारामपुरी, कोल्हापूर